आनंदाबाईंच्या दारावरचे मोर

"विदर्भात गुन्हे कमी झाले ते पोलिसाइमुळं नाई, माह्यामुळं," असं भैय्याजी सेलूच्या जुन्या पेठेत ज्याला त्याला सांगत. रंगाचं दुकान हा त्यांच्या मते जोडधंदा. मूळ पेशा गुप्तहेराचा. आजवर त्यांना स्वतःचा चष्माही सापडलेला नव्हता. तो दर वेळी शकुंतलाबाई शोधून देत, म्हणून नवरा त्यांना 'असिस्टंट' म्हणे.

पेठ शंभर वर्षांची. सागवानी खांब, नक्षीचे सज्जे, दगडी ओटे. तिला कुणी जुनी म्हटलं की लोकांना अभिमान वाटे आणि दिवाळी जवळ आली की लाज.

एका सकाळी समोरच्या आनंदाबाई जुना फोटो घेऊन आल्या. फोटोत त्यांच्या दाराच्या चौकटीवर कोरलेले दोन मोर होते. आता तिथे एकही नव्हता.

"उद्या नागपूरचे साहेब जुन्या घराइची यादी कराले येऊन राह्यले. मोर नसन तं घर यादीत नाई. अन् यादीत नसन तं रस्ता रुंद कराले माह्या सासऱ्यानं बांधलेला ओटा तोडतेत. काईतरी करा, भैय्याजी!"

भैय्याजींनी भिंग काढलं. त्यावर ऑइलपेंटचा थेंब वाळला होता, त्यामुळे त्यांना जिकडेतिकडे पुरावा दिसू लागला.

"मोर करवतीनं कापून नेले."

"करवतीची खूण तं कुठंच नाई," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"मंग टोळी सराईत हाये!"

तासाभरात टोळी बाद झाली. मग संशय आनंदाबाईंच्या, सिंदी मेघे गावात राहणाऱ्या जाऊबाईंवर गेला. त्या तीन वर्षांत इकडे फिरकल्या नव्हत्या, हेच भैय्याजींना फार संशयास्पद वाटलं. शेवटी मोर जिवंतच असावेत आणि फोटोपुरते येऊन बसले असावेत, असा निष्कर्ष निघाला.

"शोभते तुमाले," म्हणत शकुंतलाबाई उलथनं घेऊन स्टुलावर चढल्या. चौकटीवरचा गुळगुळीत उंचवटा त्यांनी खरवडला. चॉकलेटी रंगाचा पापुद्रा पडला. त्याखाली हिरवा, मग निळा, मग गुलाबी. त्याखालून सागवानी चोच बाहेर आली.

आनंदाबाईंचे डोळे भरून आले. "दर दिवाळीले रंग देतो न आमी. भैय्याजीच्याच दुकानातला. दोन हात मारा, म्हनते ते."

"म्हंजे माल घरातच होता! मी म्हनत नव्हतो?"

"नाई," दोघी एकदम म्हणाल्या. शकुंतलाबाईंनी उलथनं नवऱ्याच्या हातात दिलं. "चोर गावला. आता चोरानं माल काढून द्यावा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी घर यादीत लिहिलं. ओटा वाचला. त्याच ओट्यावर बसून, दुखऱ्या खांद्याला तेल चोळत, भैय्याजी आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की चोर त्यांनी एका दिवसात पकडला. चोराचं नाव मात्र सांगत नाहीत. ते शकुंतलाबाई सांगतात.