बंद विमानतळावर उतरताना

बायकोला जुन्या विमानतळावर फिरवून आणायचं, असं त्यांनी रविवारी चहा पिता पिता ठरवलं. (तिचा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता आणि विमानतळ बंद पडून नऊ वर्षं झाली होती, पण घराबाहेर जायचंय कुणाला?) तीस वर्षं ते त्या विमानतळावर लोकांच्या बॅगांचं वजन करत होते. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटरवर विमान उडवायचा नाद लागला आणि कारकुनाचा एकदम वैमानिक झाला.

मुलगी सांगून थकली होती की, बाबा, विमानमार्गांची माहिती दर महिन्याला बदलते, नवी घाला. पण नव्या माहितीत त्यांचा विमानतळच नव्हता. म्हणून ते जुनीलाच चिकटून बसले. शेवटी मुलीनं निदान खालचं शहर तरी आजचं दिसू दे म्हणून ताजी चित्रं परस्पर भरून टाकली. हे तिनं त्यांना सांगितलं नाही.

बायकोला शेजारच्या खुर्चीत बसवलं, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवला, पट्टा म्हणून तिच्या गाऊनचा बंद आवळला. विमान सुरेख उडालं. जुन्या माहितीनुसार धावपट्टी अगदी नाकासमोर होती. त्यांनी ऐटीत चाकं खाली सोडली. ढग सरले, आणि समोर बारा मजली इमारतींची रांग.

"आपण कुणाच्या तरी गॅलरीत शिरतोय," बायको शांतपणे म्हणाली.

शिरलेच.

त्यांचं तोंड एवढंसं झालं. बायको मात्र पडद्यावर बोट ठेवून सांगू लागली, की ही इमारत आहे तिथं कँटीन होतं, चहा पाणचट पण गरम. आणि इथं तुमचा काउंटर. तेव्हा ती शाळांना पुस्तकं दाखवत गावोगाव फिरायची, महिन्यातून दोनदा विमानानं.

ते विरघळले. अडतीस वर्षांत न बोललेलं बोलून गेले. "तुझी बॅग पुस्तकांनी फुगलेली असायची, तरी वजन बरोबर बसायचं. मला वाटायचं, किती नेमकी मुलगी आहे! आणि शेजारचा काउंटर रिकामा असला तरी तू माझ्याच रांगेत यायचीस. मला कळायचं हं सगळं."

"काय कळायचं? तुमचा काटा चार किलो कमी दाखवायचा. सगळ्यांना ठाऊक होतं."

त्यांची रांग कायम सगळ्यात लांब असायची. ती आपल्या गोड बोलण्यामुळे, असं ते निरोपसमारंभाच्या भाषणात म्हणाले होते. त्या वाक्याला टाळ्याही फार पडल्या होत्या.