बाविसावी कळी

ऑल्डनने त्या ताटलीवर एक कळी जास्त काढली, तेव्हा तो लोरीनच्या मानेकडे पाहत होता.

दोघांच्या मध्ये भट्टी होती. भट्टीच्या अलीकडे बसून ऑल्डन चिनी मातीच्या पांढऱ्या ताटल्यांवर फुलं-कळ्या रंगवी. पलीकडे लोरीन फिरत्या चकतीवर ताटली ठेवून, श्वास रोखून, तिच्या काठाला सोन्याची किनार काढी. ताटली त्याच्याकडून भट्टीत जाई, भट्टीतून तिच्याकडे, तिच्याकडून पुन्हा भट्टीत आणि तिथून थेट खोक्यात. चार वर्षांत त्याच्या हातच्या हजारो ताटल्या तिच्या हाती गेल्या होत्या. तो स्वतः मात्र भट्टीला वळसा घालून एकदाही पलीकडे गेला नव्हता. भट्टी आणि भिंत यांच्यामधल्या हातभर फटीतून तिची वाकलेली मान दिसे, तेवढ्यावर तो दिवस काढी.

भट्टी सांभाळणारा म्हातारा ओटिस दोन्ही बाजूंना फळ्यांवरून ताटल्या नेई-आणी. ऑल्डनला त्याने एकदाच विचारलं होतं, "बाळा, फळीवर तुलाही ठेवून नेऊ का पलीकडे?" त्यानंतर आठवडाभर ऑल्डनने मान वर केली नव्हती.

देशाचा दोनशेवा वाढदिवस चार जुलैला येऊन ठेपणार होता आणि ज्याला त्याला राष्ट्राध्यक्षांच्या ताटलीत जेवायचं होतं. ओहायो नदीकाठच्या त्या छोट्या कारखान्याकडे शेजारच्या शहरातल्या संग्रहालयाने सहाशे प्रतिकृती मागितल्या. मूळ ताटली एका अशा राष्ट्राध्यक्षांची, की ज्यांची कारकीर्द कुणाला आठवत नव्हती. त्यांच्या पत्नीने फ्रान्सहून मागवलेली निळ्या फुलांची माळ मात्र सगळ्यांच्या लक्षात होती. त्या काळी नवे राष्ट्राध्यक्ष राहायला आले, की जुन्यांची भांडीकुंडी लिलावात निघत. त्या जेवणसंचातली ही एकच ताटली धड उरली होती. मधोमध देशाच्या बोधचिन्हाचा गरुड; भोवती फुलं सात, कळ्या एकवीस.

संग्रहालयाने ती पंधरा दिवसांपुरती उसनी दिली. ती समोर ठेवून ऑल्डनने पहिली प्रत रंगवली, लोरीनने तिला किनार काढली, आणि संग्रहालयाचे मिस्टर पेनिमन भिंग घेऊन आले. मागे एका कारखान्याने त्यांच्या गरुडाची मान उलटीकडे वळवली होती. तेव्हापासून ते फक्त गरुड तपासत. गरुड बरोबर होता. त्यांनी प्रतीच्या पाठीवर सही केली आणि मूळ ताटली घेऊन गेले.

ती गेल्यावर जेवणाच्या सुट्टीत सँडविच खाता खाता ऑल्डनने सहीच्या प्रतीवरच्या कळ्या मोजल्या. बावीस. पुन्हा मोजल्या. सँडविच तसंच राहिलं.

तो मालकीणबाईंकडे, मिसेस हेझलेटकडे गेला. त्यांनी ऐकून घेतलं, सहीकडे बोट दाखवलं आणि या धंद्याचा जुना नियम सांगितला: सही झालेली प्रत म्हणजे कायदा. आता तिच्यात नि पुढच्या ताटल्यांत केसाचा फरक पडला, तर माल परत येईल. "एक चूक एकदा केली, तर ती चूक," त्या म्हणाल्या. "सहाशेदा केलीस, तर तो नमुना. जा, रंगव."

आणि शरमेने मान खाली घालून त्याने सहाशे वेळा, मन लावून, ती चूक केली.

त्या दिवसांत ओटिसने पलीकडची बातमी आणली. लोरीन नोकरी सोडून बहिणीकडे ऑरेगॉनला निघाली होती. चार जुलैच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळची बस. ऑल्डनने मान हलवली आणि पुढची कळी काढली. तिला सांगायचं ते वाक्य त्याने चार वर्षं घोटलं होतं. घोटता घोटता ते इतकं गुळगुळीत झालं होतं, की जिभेवर ठरतच नव्हतं. सोनंसुद्धा भट्टीत जाईपर्यंत गढूळ तपकिरीच दिसतं, अशी तो स्वतःची समजूत घाली. पण भट्टीत जायला आधी जागचं उठावं लागतं, हेही त्याला कळत होतं.

ताटल्या संग्रहालयाच्या दुकानातून विकल्या गेल्या आणि लोकांनी घरी बसून कळ्या मोजल्या. एक निवृत्त शाळामास्तरीण आपली ताटली घेऊन संग्रहालयात आली आणि काचेमागच्या मूळ ताटलीत एक कळी कमी असल्याची लेखी तक्रार देऊन गेली. मग दुसरी तक्रार आली, मग अकरा. सहाशे ताटल्यांत बावीस आणि एकीत एकवीस, तेव्हा खोटी कुठली हे लोकांच्या मते उघड होतं. संग्रहालयाने मूळ ताटली विकून तिथे नक्कल ठेवली, अशी कुजबुज सुरू झाली.

गुरुवारी सकाळी मिस्टर पेनिमन दुकानातून परत आणलेली एक ताटली काखोटीला मारून कारखान्यात हजर झाले. मिसेस हेझलेटनी सगळ्यांना भट्टीपाशी बोलावलं. लोरीन चार हात अंतरावर उभी होती. तिच्या अंगठ्याच्या नखावर सोनं वाळलेलं होतं. इतक्या जवळून ऑल्डनने ते पहिल्यांदाच पाहिलं.

"कळी कुणाची?" पेनिमननी विचारलं.

"माझी," ऑल्डन म्हणाला.

"लक्ष कुठे होतं तुझं?"

ओटिस हळूच म्हणाला, "साहेब, ते सोडून काहीही विचारा. सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे ते."

पेनिमननी भिंगातून पुन्हा पाहिलं. "आणि हा सोन्याचा ठिपका? सहीच्या प्रतीवर हा नव्हता."

ऑल्डनने मान पुढे केली. सहीची प्रत सोडली, तर पूर्ण झालेली ताटली त्याच्या नजरेस कधी पडतच नसे. बाविसाव्या कळीच्या टोकावर, फक्त तिच्याच, मोहरीएवढा सोन्याचा ठिपका होता.

"ठिपका माझा," लोरीन म्हणाली. "सहाशेच्या सहाशेंवर आहे."

"का पण?"

ती भट्टीच्या दाराकडे पाहत बोलली. किनार काढताना मूळ ताटली तिच्यासमोरही होती. जास्तीची कळी तिने तेव्हाच हेरली. "आम्हाला ताटलीवर नाव घालता येत नाही, साहेब. ताटली राष्ट्राध्यक्षांची असते. मला वाटलं, ही याची सही आहे. मग म्हटलं, शेजारी आपलीही असू दे."

ऑल्डनचं ते घोटलेलं वाक्य जिभेवर आलं आणि नेहमीसारखं घसरून गेलं.

निकाल मिसेस हेझलेटनीच दिला. विकलेलं राहू द्या. संग्रहालयात चार जुलैला होणाऱ्या मेजवानीसाठी शुद्ध एकवीस कळ्यांच्या दोन डझन ताटल्या उद्या रात्रीपर्यंत देऊ. पेनिमन कबूल झाले. जाता जाता ते थोडे कसनुसे होऊन म्हणाले, की त्यांच्या बायकोला मात्र ठिपक्याचीच हवी आहे.

शुक्रवारी सकाळी ऑल्डनने पहिली ताटली रंगवली. प्रत्येक कळी मोजून पुढे गेला. चार वर्षांत इतकं निर्दोष काम त्याने केलं नव्हतं, आणि इतकं उदासही. ती भट्टीतून निघाली, निवली. ओटिस ती फळीवर घेऊन पलीकडे गेला. फटीतून मान दिसत होती. उद्या या वेळी तिथे नुसती खुर्ची असणार होती.

जरा वेळाने ओटिस परत आला. फळीवर तीच ताटली, किनार न काढलेली.

"परत पाठवलीय," तो म्हणाला. "म्हणते, एक कमी आहे."

ऑल्डनने ताटली हातात घेतली. सवयीने बोट पहिल्या कळीवर गेलं. तिथेच थांबलं. मग त्याने निळ्या रंगात कुंचला बुडवला, तो दुसऱ्या हातात धरला आणि फळीकडे, ओटिसकडे, कुणाकडेच न पाहता तो भट्टीला वळसा घालून निघाला.