तळघराच्या दारातील कारस्थान

गुन्हेगारांवाचून समाज चालू शकतो. गुन्हे अन्वेषण खाते चालू शकत नाही. लंडनच्या पोलिसांनी हे सत्य लवकर ओळखले, हा त्यांचा मोठेपणा.

सार्जंट ओबदाया क्रंप यांना एखादी गुप्त टोळी सापडण्याची निकड होती, कारण इन्स्पेक्टरची जागा रिकामी झाली होती. अशा वेळी परमेश्वर धावून येतोच. दर गुरुवारी एक इसम प्रतिष्ठित घरांच्या तळघरातल्या स्वयंपाकघराशी येई, दारावर टिचकी मारी, आणि स्वयंपाकीण त्याच्या हाती ओलसर पुडके देई. (ओली स्फोटके अधिक घातक, असे क्रंप यांचे मत पडले.) पाळतीअंती निष्पन्न झाले ते असे: नव्वद टक्के स्वयंपाकिणी कटात सामील, उरलेल्या रजेवर.

क्रंप खोटी दाढी लावून मिसेस टॅपस्कॉट नावाच्या स्वयंपाकिणीच्या दारी गेले. (मिस्टर टॅपस्कॉट कधीच नव्हते, लंडनमध्ये चूल हाती आली की बाई मिसेस होते.) घर खुद्द क्रंप यांचे वरिष्ठ, सुपरिंटेंडंट फेअरलॅम यांचे होते.

"सार्जंटसाहेब, दाढी डावीकडून सुटलीय," बाई म्हणाल्या.

"पुडक्यात काय आहे?"

"चहाचा चोथा. मालकांचा पिऊन झालेला. तो विकणं हा स्वयंपाकिणीचा हक्क, उरलेल्या मेणबत्तीच्या तुकड्यांसारखा. एवढंही ठाऊक नाही आणि निघाले टोळ्या पकडायला!"

क्रंप यांनी पुडक्याचा माग काढला. नदीपलीकडे एका छपराखाली चोथा वाळे, काजळीने रंगे, चिनी चित्रांच्या डब्यांत शिरे आणि 'सम्राटांच्या खास मळ्यातला' म्हणून त्याच घरांत सन्मानाने परत जाई. एवढी काटकसर सरकारलाही साधलेली नाही.

टोळी सापडली होती. बढती एका वाक्यावर आली होती. क्रंप फेअरलॅम यांच्या दिवाणखान्यात हजर झाले. समोर तोच डबा.

"घ्या, क्रंप. हा चहा आमच्या हिनं स्वतः पारखून घेतलाय," साहेब म्हणाले. "याची चव कळायला घराणं लागतं. हं, टोळीचं काय म्हणत होता?"

क्रंप यांनी घोट घेतला. मिसेस टॅपस्कॉट दाराशी बिस्किटांची बशी घेऊन उभ्या होत्या.

"टोळी नाहीच, साहेब. आणि चहा... अप्रतिम!"

इतकी सूक्ष्म पारख असलेला माणूस इन्स्पेक्टर झाला, यात नवल नाही.

आपल्या घरी असे काही घडत नाही, हे सर्वश्रुत आहे. आपला चोथा गुलाबाच्या कुंडीत जातो, असे आपल्या स्वयंपाकीणबाई शपथेवर सांगतात. गुलाब दोन वर्षे फुललेला नाही, तो हवेचा दोष.