गोतमारे सरांची बाजू

गवळ्याची म्हैस अंगणात शिरून वांग्याची रोपं खायला लागली, तर माणूस काठी उचलतो. आमचे शेजारी गोतमारे सर म्हशीची बाजू मांडतात.

"आधी तिचं म्हणणं मांडू गा बापूराव," असं म्हणून त्यांनी मला कुंपणापाशीच अडवलं. "एक, फाटक उघडं होतं. दोन, मालकी म्हणजे काय, हे जनावराले समजत नाही. तीन, हिरवा पाला खायसाठीच असते." तिसरा मुद्दा संपेपर्यंत वाफा साफ. सर स्वतःच्या बाजूला यायच्या आत गवळी म्हैस घेऊन निघूनही गेला.

नंदनवन वस्तीत आमची भिंतीला भिंत, आणि नोकरीही एकाच कॉलेजात. मी ऑफिसात हेडक्लार्क, ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. म्हणजे माझी सुटका कुठेच नाही. सर मूळचे काटोलकडचे, कास्तकाराच्या घरचे, रोज देवपूजा करणारे. आणि शिकवायचे काय, तर मध्ययुगातल्या ख्रिस्ती पंडितांचं तत्त्वज्ञान! हे पंडित म्हणे कुठलाही प्रश्न घेतला की आधी विरुद्ध बाजू मांडत, तीही विरोधकाला जमणार नाही इतकी भक्कम, आणि मग एकेका मुद्द्याला उत्तर देत.

"पाद्री माणूस, बापूराव! देव आहे का, असं विचारलं, तर सुरुवात काय करते? देव नाही असं दिसते! केवढी छाती लागत असन!"

मी तेव्हा सायकलची उतरलेली चेन बसवत होतो. दोन्ही हात काळे. सर तासभर हलले नाहीत. दुसऱ्या एका दिवशी, देवदूताला इथून तिथे जायला वेळ लागतो का, यावर त्यांनी मला बसस्टॉपवर धरलं. दोन बस डोळ्यांदेखत गेल्या. देवदूताचं काही ठरलं नाही, माझा मात्र लेटमार्क लागला.

खरा वैताग आला तो त्या मार्चमध्ये. सरांच्या विषयाला दोनच विद्यार्थी उरले होते. तो ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला प्राचार्यांनी बैठक बोलावली. सरांना बोलायला वीस मिनिटं, टिपणं घ्यायला मी. आदल्या दिवशी मी अक्षरशः हात जोडले. "सर, उद्या फक्त आपली बाजू मांडा."

"हो गा," म्हणाले.

आणि बैठकीत उभे राहून म्हणाले, "हा विषय बंद करावा, असं दिसतं."

माझं पेनच थांबलं. विद्यार्थी नाहीत. पुढे नोकरी नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या परदेशी पाद्र्यांच्या वादाशी विदर्भातल्या पोरांचा संबंध काय? प्राचार्यांना सात जन्मांत सुचले नसते असे मुद्दे सर दाखले देऊन मांडत होते. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर बूट दाबला. त्यांनी पाय बाजूला घेतला. वीस मिनिटं संपली तेव्हा प्राचार्यांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. "इतक्या मोठ्या मनानं कोणी बोलत नाही, सर!" विषय एकमतानं बंद झाला.

संध्याकाळी मी तरातरा त्यांच्या घरी गेलो. बायको वारल्यापासून सर एकटेच राहत. ओसरीवर खुर्चीत पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते.

"वीस मिनिटं त्यायचीच वकिली केली! आपली बाजू काहून नाही मांडली?" मी ओरडलोच.

"मांडणारच होतो गा. लोक उठून गेले." मग म्हणाले, "नेहमी असंच होते. माह्या बाजूपर्यंत कोणी बसतच नाही. ही बसे. म्हणे, झालं त्याचं? आता तुमचं सांगा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी दुसरी खुर्ची ओढून बसलो. "मग आता मले सांगा."

सर मांडीवरच्या पुस्तकाची पानं पुढेमागे करत राहिले. एवढं बोलणारा माणूस, पण स्वतःचं सांगायची सवयच गेली होती.

"एकच मुद्दा आहे," ते हळूच म्हणाले. "या पुस्तकाईत माणूस एकटा नसते, बापूराव. पान उघडलं की समोर कोणीतरी 'नाही' म्हणायले बसलंच असते. दिवसभरात तेवढंच बोलणं होते माह्यं."

त्यांचं म्हणणं मला अगदी पुरतं पटलं होतं. तरी आवाज चढवून मी म्हटलं, "नाही सर. मले हे बिलकुल पटलं नाही."

सरांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि खुर्ची माझ्याजवळ सरकवली.

"काहून नाही पटलं? सांग. सावकाश सांग, मले काही घाई नाही."