शुभारंभाची बास्केट

एकविसावं शतक नुकतंच लागलं होतं, त्या सुमारास नाशिक शहराला स्वतःचा व्यावसायिक महिला बास्केटबॉल संघ मिळाला. शहराने तो मागितला नव्हता. पण जे मागितलं होतं त्यातलं काहीच मिळत नसल्यामुळे, न मागता आलेलं नाकारू नये, असा विचार करून शहराने तो स्वीकारला. संघाचे मालक सावळीरामशेठ यांचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं मोठं शीतगृह होतं. शीतगृहाचं नाव 'शीतल', म्हणून संघाचं नाव 'शीतल वाघिणी' ठेवण्यात आलं. पहिल्या हंगामाचे सगळे सामने नाशिकलाच व्हायचे होते.

या वाघिणींमध्ये सुवर्णा सगळ्यांत उंच. मखमलाबादच्या मळ्यात ती सून म्हणून आली, तेव्हा उंबरठा ओलांडताना तिने पहिला नमस्कार चौकटीला केला, तोही कपाळ आपटून, असं शेजारणी अजून सांगत. कॉलेजात असताना ती राज्याच्या संघात होती. मग लग्न झालं, मग रेवा झाली. रेवाचं दूध सुटलं आणि सुवर्णाने माळ्यावरचा चेंडू खाली काढला. पहाटे सरावाला निघताना ती रेवाच्या मुठीतून आपली वेणी हलकेच सोडवी आणि तिच्या जागी जुनी ओढणी देई. मूठ पुन्हा मिटली की हिचा पाय उंबरठ्याबाहेर.

सासूबाई यशोदाबाई झेंडू पिकवीत आणि हार-माळा करून विकत. त्यांनी सुनेला परवानगी दिली, पण मोकळी नाही.

"खेळ. एक हंगाम खेळ. मी पोरीला सांभाळीन. पण एक तरी म्याच सुरू झाल्यापून संपेस्तोवर माझ्या डोळ्यांनी दिसली पायजे. नाय दिसली, तर पाडव्यापून चेंडू माळ्यावर आन् तू माझ्याशेजारी माळा ओवायला. हाय कबूल?"

"कबूल, आत्याबाई," सुवर्णा हसून म्हणाली. संघ सामने खेळण्यासाठी काढतात, अशी तिची समजूत होती.

पहिला सामना सोलापूरच्या संघाशी होता. आता आपल्याकडे क्रिकेटचं उद्घाटन असलं की पाहुणे पहिला चेंडू बॅटीने ढकलतात, कबड्डीचं असलं की रेघेला हात लावतात. त्याच न्यायाने, प्रमुख पाहुण्यांनी शुभारंभाची बास्केट करावी आणि मगच सामना सुरू व्हावा, असं संयोजन समितीने ठरवलं. नारळ कोणालाही फुटतो. बास्केटचं तसं नसतं, हे समितीतल्या कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण समितीतल्या कोणी बास्केटबॉल पाहिलेला नव्हता.

पाहुणे एका समितीचे माजी सभापती होते. दीपप्रज्वलन झालं, भाषण झालं, यशोदाबाईंचे हार गळ्यात पडले. मग साहेबांनी बाह्या सारून चेंडू फेकला. चेंडू थोडा वर गेला आणि विचार बदलून खाली आला.

"साहेबांचा नेम अगदी थोडक्यात हुकलेला आहे! जोरदार टाळ्या!" निवेदक म्हणाला.

दुसऱ्यांदाही थोडक्यात हुकला. दहाव्यांदाही. शेवटी निवेदकाने चतुराई केली, "साहेबांच्या हस्ते उद्घाटन संपन्न झालं, असं मी जाहीर करतो!" तेव्हा साहेबांनी माईक स्वतःकडे घेतला. "अर्धवट काम सोडायची आमच्या घराण्यात पद्धत नाही," ते म्हणाले आणि पुन्हा बाह्या सारल्या. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडला. मैदानात दिवे होते, पण ते व्यासपीठाकडे तोंड करून बसवलेले होते. 'उद्घाटन प्रगतिपथावर असल्याने सामना पुढे ढकलण्यात येत आहे,' असं जाहीर झालं. सोलापूरच्या मुली शाल-श्रीफळ घेऊन रात्रीच्या गाडीने परत गेल्या.

"झाली का गं म्याच?" यशोदाबाईंनी विचारलं.

"उद्घाटन चालू आहे अजून."

"माझे हार तर समदे गेले. चांगला खेळ हाय हा."

समितीची तातडीची बैठक झाली. प्रशिक्षक मोतीरामसर कळवळून म्हणाले, "शेठ, रिंग दहा फुटांवरच असते. जगात कुठंही जा."

"जगातला पाहुणा आला की दहावर नेऊ. हे आपले पाहुणे आहेत," शेठ म्हणाले.

रिंग आठ फुटांवर आली. पण पुढच्या सामन्याला विद्यमान सभापती आले आणि खांबाकडे बघून त्यांचा चेहरा पडला. "माजींनाही आठ आणि मलाही आठच? मग निवडून येऊन मी मिळवलं काय?" मुद्दा बिनतोड होता. तेव्हा पदानुसार उंची ठरवण्यात आली. पद जितकं मोठं, रिंग तितकी खाली. विद्यमानांना सात, त्यांच्या वरच्यांना सहा, त्याहून वरच्यांना पाच. कोणतंही पद नसलेल्या सामान्य माणसाला दहा. अंबडहून एक वेल्डर कायमचा नेमला गेला. प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे आणि 'यांची उपस्थिती लाभली' असे सगळे पाठोपाठ चेंडू फेकीत, आणि प्रत्येकासाठी रिंग कापून पुन्हा जोडली जाई. ठिणग्या उडत. लोकांना तेच आवडायला लागलं. त्या दिवशीचा 'सामनावीर' पुरस्कार वेल्डरला मिळाला. सामना अर्थातच झाला नाही.

मग असे एक पाहुणे आले, की त्यांचा खांदाच धरलेला होता. पाच फुटांवरही चेंडू पोहोचेना. याहून खाली रिंग आणणं पदाच्या प्रतिष्ठेला शोभलं नसतं. शेठनी मोतीरामसरांना बाजूला घेतलं, सरांनी सुवर्णाला.

"तू फक्त मागे उभी राहा. साहेबांचा चेंडू चुकला की हवेतच झेल आणि अलगद रिंगमध्ये सोड. त्यांना कळता कामा नये."

"सर, मी यासाठी आले का?"

"एवढं कर बाई. हे संपल्याशिवाय तुमची मॅच नाही."

सुवर्णाने केलं. रेवाला भरवताना घास आपणच घेतला असं रेवाला वाटू द्यावं लागे, नाहीतर ती तोंड फिरवी. इथे तेच करायचं होतं, फक्त तोंड मोठं होतं. चेंडू रिंगमधून गेला. साहेब लहान मुलासारखे उजळले. "पुन्हा!" ते म्हणाले. पुन्हा गेला. मग कुठले थांबतात! दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'साहेबांचा अचूक नेम' अशा मथळ्याखाली त्यांचा फोटो आला. फोटोत मागे सुवर्णाची दोन बोटं दिसत होती.

ही बातमी वाचून पाहुण्यांची रांगच लागली. सगळे गुण पाहुण्यांच्या नावावर चढत गेले. मळ्यात यशोदाबाईंनी झेंडूचे आणखी दोन वाफे वाढवले आणि एक दिवस सुनेसमोर नवीकोरी लांब सुई ठेवली.

"हातात धरून बघ. सवय लागंल."

रात्री रेवाला थोपटताना सुवर्णाचा हात आपोआप चेंडू आपटल्याच्या ठेक्यात पडत होता. रेवाला त्याच ठेक्यावर झोप येई.

हंगामातला शेवटचा सामना उरला आणि महापालिकेच्या निवडणुका जाहीर झाल्या. आचारसंहिता लागली. एकही पदाधिकारी व्यासपीठावर यायला तयार होईना. सामन्याच्या दिवशी दोन्ही संघ तयार होते, आणि सावळीरामशेठ मैदानात डोक्याला हात लावून बसले.

"रद्द करा. पाहुण्याशिवाय उद्घाटन नाही, उद्घाटनाशिवाय सामना नाही."

"शेठ, पाहुण्याशिवायही खेळता येतं," मोतीरामसर म्हणाले.

"कुठं पाहिलंत?"

तेवढ्यात डोक्यावर हारांची पाटी आणि कडेवर रेवा घेऊन यशोदाबाई फाटकातून आत आल्या. शेठनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आई, तुम्ही कुठल्या पक्षाच्या?"

"आमी माळी."

"तसं नाही. पद काय तुमचं?"

"सासू."

उंची ठरवताना हे पद कोणी धरलं नव्हतं. म्हणजे सामान्य माणूस, म्हणजे दहा फूट. वेल्डरने हंगामात पहिल्यांदाच रिंग इतकी वर नेली. यशोदाबाईंच्या पाटीतला एक हार त्यांच्याच गळ्यात पडला आणि हातात चेंडू आला. त्यांनी तो भोपळ्यासारखा वाजवून पाहिला, मग मान वर करून रिंगकडे पाहिलं.

"एवढ्या वर? आन् मी टाकू? कोनाचं काम कोनाला सांगता रे! सुवर्णा, धर गं. झालं उद्घाटन. खेळा आता."

आणि रेवाला मांडीवर घेऊन त्या पायरीवर जाऊन बसल्या.

निवेदकाला पुढे काय बोलायचं ते सुचेना, कारण इथवर कार्यक्रम कधी आलाच नव्हता. ज्याच्याबरोबर फोटो काढावा असं कोणी नव्हतं, म्हणून समिती उठली. पाहुणे नसल्यामुळे चहा नव्हता, म्हणून प्रेक्षक उठले. उरल्या यशोदाबाई, रेवा आणि रिंग पुन्हा खाली घ्यायला सांगतील म्हणून थांबलेला वेल्डर.

शिट्टी वाजली. सुवर्णाने उडी मारली. अंगातली बाळंतपणाची जडशीळ दोन वर्षं खाली जमिनीवर राहिली आणि ती एकटीच वर गेली. चेंडू रिंगमधून सुटला तेव्हा तो दुसऱ्या कोणाच्या नावावर गेला नाही, तिच्याच नावावर गेला. "आई पललं!" रेवा ओरडली. तिच्या भाषेत पडणं आणि टाकणं एकच होतं. यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला तो शेवटची शिट्टी होईपर्यंत काढला नाही. घरी जाताना एवढंच म्हणाल्या, "ती सुई मी ठिवून देते. मला चष्मा करून आन, लांबचा."

हंगामातली सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून खांदा धरलेल्या साहेबांची निवड झाली. आचारसंहिता उठल्यावर पुरस्कार त्यांना घरी नेऊन देण्यात आला.

ही हकिकत ऐकून लोक पोट धरधरून हसतात. ते साहेब नेमके कोण, विचारतात. पुढे निवडून आले का, विचारतात. वेल्डर सध्या कुठे असतो, याचीही चौकशी होते. तुम्हीही इथपर्यंत आलात, हसलात. शेवटचा सामना कोणी जिंकला, हे मात्र तुम्हीसुद्धा विचारलं नाहीत.