जावईबापूंना सगळं माहीत आहे

विमा कंपनीतल्या त्या हेडक्लार्कला ऑफिसात सगळे 'चौकशी खिडकी' म्हणत. काहीही विचारा, उत्तर मिळायचं. (बरोबर उत्तर मिळायचं, असं कोणी म्हटलेलं नाही.) घरी मात्र त्यांच्या बायकोला या खिडकीचा जाच होता आणि तिच्या वडिलांना तर फारच. ते वजनमापे खात्यातले निवृत्त इन्स्पेक्टर. आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासलेला माणूस. जावईबापू त्यांच्या मापात पहिल्या दिवसापासून कमी भरले होते ते कमीच राहिले.

आता झालं असं, की जावईबापूंच्या खालचा मजला रिकामा झाला. आईवडिलांनी तिथे राहायला यावं, म्हणून बायकोचा जीव तुटत होता. सासूबाई एका पायावर तयार होत्या. सासरे म्हणाले, "न विचारता उत्तरं देणाऱ्या माणसाच्या खाली राहायचं म्हणजे विचार करायला हवा." तो विचार चांगल्या जेवणावर व्हावा म्हणून बायकोने कोपऱ्यावरच्या छोट्या व्हिएतनामी हॉटेलात टेबल सांगून ठेवलं. निघताना तिने नवऱ्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "आज एकच करा. माहीत नसेल, तर विचारा."

"विचारीन की," जावईबापू म्हणाले, आणि ते त्यांना त्या क्षणी अगदी मनापासून वाटत होतं.

हॉटेल म्हणजे शिंपी आणि चष्मेवाला यांच्या दुकानांमध्ये दाटीवाटीने बसवलेली एक खोली. नवरा आत रांधायचा, मालकीणबाई बाहेर वाढायच्या. त्यांनी टेबलावर पुदिना, काकडीचे काप, पांढऱ्या बारीक शेवया, कोळंबी आणि आंबटगोड चटणी मांडली. मग कोमट पाण्याचा एक पसरट वाडगा ठेवला आणि शेजारी पातळ, गोल, पांढुरक्या कागदांची चळत. आता हे कसं खायचं ते दाखवावं म्हणून त्या पुढे वाकल्या, तोच जावईबापूंनी हात वर केला.

"माहीत आहे," ते म्हणाले.

बायकोने टेबलाखालून लाथ मारली. (ती सासूबाईंना लागली, पण त्या समजूतदार.) मालकीणबाई हसून दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. वास्तविक जावईबापू त्या हॉटेलात एकदाच आले होते, एका सहकाऱ्याच्या निरोपाला, आणि तेव्हा त्यांनी फक्त सूप घेतलं होतं. त्यातलंही निम्मं टायने घेतलं होतं. पण सासरे चष्म्यावरून पाहत होते, आणि ते पाहू लागले की जावईबापूंची जीभ आपोआप चालू व्हायची.

यांच्यात जेवणाआधीच हात धुतात, असं सांगून त्यांनी वाडग्यात ऐटीत बोटं बुडवली. मग चळतीतला एक कागद उचलून हात पुसले. मागे राहतील तर ते सासरे कसले! आमच्या खात्याच्या परिषदेत अशीच पद्धत होती, असं म्हणत त्यांनीही हात बुडवले आणि एक कागद उचलला.

तो कागद तांदळाचा होता. पाणी लागताच तो मऊ पडला, चिकट झाला आणि जावईबापूंच्या पंजाला बिलगला. तो सोडवायला त्यांनी दुसरा कागद घेतला. तो दुसऱ्या हाताला बिलगला. काय प्रकार आहे ते नीट दिसावं म्हणून सासऱ्यांनी चष्मा सारखा करायला हात वर नेला, आणि हात, कागद, चष्मा आणि डावी भुवई असं सगळं एकत्र झालं.

मालकीणबाई आल्या. त्यांनी हसू आवरायचा फार प्रयत्न केला. मग तो सोडून त्यांनी नवऱ्यालाही आतून बोलावलं. दोघांनी मिळून सासऱ्यांना चष्म्यापासून सोडवलं, पाणी बदललं, आणि कागद भिजवून त्यात सगळं भरून गुंडाळी करून दाखवली. सासूबाईंना ती पहिल्याच खेपेला जमली.

सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग तसं का म्हणालात?"

"तुम्ही समोर होता म्हणून," जावईबापू खाली मान घालून म्हणाले. "पण तुम्हाला तर माहीत होतं ना? ती परिषद?"

"कसली परिषद," सासरे म्हणाले. "तिथे चहाबिस्किटं होती."

दोघं एकमेकांकडे पाहू लागले, आणि आधी सासरेच हसले. असे हसले की कोळंबी घशात अडकून पाठ चोळावी लागली. सासूबाई डोळे पुसत लेकीला म्हणाल्या, "घेऊन टाक गं ती जागा. इतकी वर्षं मी हे एकटीने ऐकलं. आता हे दोघं एकमेकांना सांगत बसतील." सासऱ्यांनी हो म्हटलं, आणि बायकोचा चेहरा असा फुलला की जावईबापूंना आपण मोठीच कामगिरी केल्यासारखं वाटलं.

तिथेच घोळ झाला. जेवण संपल्यावर मालकीणबाईंनी बशीत चार जाड, पांढऱ्या, गोल वड्या आणून ठेवल्या. हे काय असावं, असं सासूबाई म्हणाल्या. जावईबापूंना विचारायचंच होतं. पण मालकीणबाई गल्ल्यापाशी गेल्या होत्या, आणि इथे कागदासारखं दिसतं तेही खायचं असतं हे तर ते आत्ताच शिकले होते.

"पेपरमिंट," ते म्हणाले आणि वडी तोंडात टाकली. फार कोरडी लागली, म्हणून वर घोटभर पाणी प्यायले.

सासऱ्यांनीही वडी उचलली होती. पण जावयाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहून त्यांनी ती परत बशीत ठेवली.

मालकीणबाईंनी येऊन त्याच वडीवर पाण्याचे चार थेंब सोडले. वडी फुगली, उंच झाली, उलगडली आणि तिचा हात पुसायचा छोटा टॉवेल झाला. मग त्यांनी बशीत पाहिलं आणि चौथी कुठे गेली म्हणून विचारलं.

"यांना विचारा," बायको म्हणाली. "यांना माहीत आहे."

सगळे जावईबापूंकडे पाहू लागले. त्यांचे दोन्ही गाल टम्म फुगले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना उत्तर खरोखर माहीत होतं, आणि तोंड उघडायची सोय नव्हती.