चिद्वादी चेअरमन

कुरडया घालायला जागा झाडावी म्हणून रंजना डिंडोलीतल्या आपल्या सोसायटीच्या गच्चीवर गेली, तर दाराला कुलूप. खाली गव्हाचा चीक तयार. आज शिजवला नाही तर आंबणार.

किल्ली चेअरमन हेमराजकडे. तो गच्चीखालीच राहायचा. बायकांच्या कुरडयांनी आपलं छत गळतं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. रंजनानं त्याच्या घरात स्टुलावर चढून छत चाचपलं. ठणठणीत कोरडं.

"ओल कुठंय, भाऊ?"

"मला जाणवते ना. जाणवते म्हणजे आहे."

रंजनाची शाळा सातवीत सुटली, पण साड्यांना लेस लावता लावता ती वाचनालयातली पुस्तकं फस्त करायची. "तुम्ही चिद्वादी आहात," ती म्हणाली आणि उतरली.

तिच्याआधी तो शब्द खाली पोचला. दुसऱ्या मजल्यावर त्याची शिवी झाली, तळमजल्यावर आईवरून. पलसाण्याच्या मिलमधून पाळी संपवून आलेल्या गजेंद्रनं जिन्यातच बायकोला गाठलं.

"तू त्याले काय बोलनी वं? माफी मांगी ले, किल्ली भेटी."

"मी नही मांगस."

हेमराजनं पार्किंगमध्ये मीटिंगच बोलावली. रंजना उभी राहिली. "वस्तू बाहेर नसते, आपल्या जाणिवेतच असते, असं मानणारा तो चिद्वादी. मोठमोठे तत्त्वज्ञ होते तसे."

हेमराज खुलला. "म्हणजे आदर्शवादी?"

"नाही. तो चांगल्या ध्येयासाठी झटतो. तुम्ही नुसते चिद्वादी."

एवढाही मान त्याला पुरला. आपण चिद्वादी आहोतच, तेव्हा गळती आहेच, तेव्हा कुलूप राहील, असं सांगून तो वर गेला.

रंजनानं घरी जाऊन सरळ गॅस पेटवला. गजेंद्र नको नको म्हणत असताना चीक रटरटला, वास जिनाभर पसरला. पहिला गरम चीक दूध-साखर घालून शेजाऱ्यांना द्यायचा, ही खान्देशातली रीत तिनं दारोदार पाळली. शेवटी हेमराजच्या हातात झाकलेली वाटी ठेवली. तो दरवर्षी या वाटीची वाट बघायचा.

झाकण काढलं. वाटी रिकामी.

"यात काहीच नाही, ताई."

"तुम्हाला जाणवत नाही का, भाऊ?"

जिन्यात चमचे चाटणारे शेजारी वाटीत डोकवायला पुढं सरकले. हेमराजनं खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"आणि गळती?"

"थांबली वाटतं."

तेव्हा रंजनानं पदराआडची भरलेली वाटी पुढं केली. दोन घास पोटात गेल्यावर हेमराजला चेअरमनपण आठवलं. "किल्ली परत कधी देता?"

रंजना गच्चीचं कुलूप काढत होती. तिनं किल्ली कमरेला खोचली.

"दिली असं समजा."